नोंदवहीतला माळढोक आणि तलावातलं देवधान

ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात ती वही होती. स्पायरल बायंडिंग, वर प्लॅस्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर ठळक अक्षरात गावाचं नाव आणि खाली 'लोक जैवविविधता नोंदवही'. २६ जानेवारीचं झेंडावंदन झाल्यावर ग्रामसेवकांकडून मी ती शाळेसाठी मागून आणली आणि सातवीच्या वर्गात मोठ्याने वाचायला दिली. पक्ष्यांच्या यादीत तिसऱ्याच ओळीला माळढोक आला. वाचणारा मुलगा थांबला. म्हणाला, "मॅडम, हा आपल्या गावात कुठं रायते?"

माळढोक हा उघड्या, कोरड्या गवताळ माळाचा पक्षी. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या (खाचरं), धुऱ्यांवर पळस, त्यापलीकडे साग-मोहाचं जंगल आणि गावाला लागून मामा तलाव. इथे माळढोक उतरल्याचं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही आठवत नाही. वहीत पिकांच्या पानावर द्राक्षं होती, पण धान निघाल्यावर घरोघर पेरली जाते ती लाखोळी नव्हती. तलावाच्या वनस्पतींसमोर 'कमळ, जलपर्णी व इतर' एवढंच होतं. त्या 'व इतर'मध्ये गावातल्या बायांचं सगळं ज्ञान गाडलं गेलं होतं.

मुलांनी आणि काही म्हाताऱ्या बायांनी ही वही पुन्हा कशी लिहायला घेतली, त्यात माझी काय चूक झाली आणि त्या लिहिण्यामुळे उन्हाळ्यात तलावाची एक बाजू कशी वाचली, त्याची ही हकिगत. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

वहीमागचा कायदा

जैवविविधता कायदा २००२ चा, त्याचे पहिले नियम २००४ चे, त्यांच्या जागी २०२४ मध्ये नवे आले. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने स्थानिक लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गावात काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, त्याचा उपयोग कोणाला ठाऊक आहे, हे गावानेच लिहायचं. परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना देशात रुजवली. गावकऱ्यांचं निसर्गज्ञान हे ज्ञानच आहे, त्याला कागदावर मान मिळायला हवा, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं.

बरीच वर्षं हे काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे काम अपुरं राहिलं तर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. त्यानंतर वह्या झपाट्याने तयार झाल्या. आमची त्याच घाईतली. ती करणाऱ्यांनी आमच्या तलावाच्या पारीवर (बांधावर) पाय ठेवला असेल असं वही वाचून वाटत नाही.

तरी मला त्या वहीचा राग येत नाही. ती नसती तर त्या मुलाला तो प्रश्न पडला नसता.

बगरा

प्रश्न पडण्याआधी सहा महिने आम्ही तलावावर जातच होतो. आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते. त्या पहिल्या आठवड्यात मी 'आपल्या परिसरातील प्राणी' असं चित्र काढायला दिलं होतं. २३ कागद आले. वाघ, मोर, सिंह, हत्ती. वाघ बरोबरच, नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि तो आम्हाला जवळ आहे. हत्तीही चूक नव्हता. छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरलेला रानटी हत्तींचा कळप आमच्या तालुक्यापर्यंत येऊन गेला, आणि ती रात्र मुलं विसरलेली नाहीत. दोघांनी सारस काढला होता, कारण राज्यातले उरलेसुरले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि त्यांची पोस्टर पंचायतीत लागतात. पण शाळेच्या खिडकीतून रोज दिसणारा एकही पक्षी त्या २३ कागदांत नव्हता. बगळा नाही, खंड्या नाही, टिटवी नाही. ज्याचं पोस्टर लागतं तेवढंच मुलांना 'प्राणी' वाटत होतं.

म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तलावाची फेरी सुरू केली. मी मूळची वर्ध्याची, मामा तलाव मलाही नवाच. पूर्व विदर्भातले हे तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. कोहळी समाजाची माणसं ते बांधण्यात वाकबगार. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची जमीनदारी, गेली तसे ते सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' म्हणून मामा तलाव झाले. एका बाजूला मातीची उंच पार, तिच्यात पाणी सोडायचं तुडुम, आणि समोरच्या बाजूला जमीन इतक्या हळू चढत जाते की पाणी कुठे संपलं आणि बांधी कुठे सुरू झाली ते कळत नाही. ही उथळ बाजू या प्रकरणात पुढे फार महत्त्वाची ठरली.

पहिल्या फेरीला मी पक्ष्यांचा छापील तक्ता घेऊन गेले. रोवणी सुरू होती. बांध्यांत बाया वाकलेल्या, मागे बगळे. वर्गात सगळ्यात शांत बसणारी ढिवर (मच्छीमार) मोहल्ल्यातली मुलगी पहिल्यांदाच आपणहून ओरडली, "मॅडम, बगरा उडाला!"

मी म्हटलं, "बगळा म्हण. ळ. ब-ग-ळा."

तिने हात खाली घेतला. त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही. पुढचे दोन शनिवार ती फेरीत सगळ्यात मागे चालत राहिली. बाजूच्याच वर्गावर शिकवणारे गुरुजी मूळचे याच भागातल्या साकोलीचे. त्यांना मी हे सांगितलं तर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मॅडम, इकडच्या झाडीबोलीत ळ नाही. पोरगी चुकली नव्हती. तिनं तिच्या भाषेत बरोबर नाव सांगितलं होतं."

मी सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. त्याच दिवशी मुलांच्या स्वतःच्या वहीचे रकाने आखले. पहिला रकाना 'आपण काय म्हणतो', दुसरा 'पुस्तकात काय म्हणतात', तिसरा 'कुठे पाहिलं, काय करत होता', चौथा 'कोणी सांगितलं'. पहिल्या ओळीला तिनेच लिहिलं: बगरा. दुसऱ्या ओळीला पानडुबी आली, जिला माझ्या तक्त्यात टिबुकली म्हटलं होतं. पाण्यावर काळपट गोळा तरंगतो, तुम्ही बोट दाखवेपर्यंत बुडी मारतो आणि भलतीकडे वर येतो. पानडुबी हे नाव त्या पक्ष्याला पाहूनच ठेवलेलं आहे, हे एकदा पाहिलं की पटतं.

तक्ता मी नंतर शाळेतच ठेवून जायला लागले.

एका सकाळी आम्ही उघड्या चोचीच्या करकोच्याला पाऊण तास पाहत बसलो. त्याच्या चोचीच्या दोन्ही पात्या मिटल्यावरही मधे फट राहते. मुलांना आधी वाटलं की चोच मोडली आहे. मग त्याने चिखलातून गोगलगाय काढली, शंख पाण्यात टेकवून धरला, चोचीचं टोक आत घातलं, मान दोनदा झटकली आणि आतला गर ओढून काढला. शंख जसाच्या तसा खाली पडला. एका मुलाने गुडघाभर पाण्यात जाऊन तो उचलून आणला, कुठेच फुटलेला नव्हता. त्याच थव्यात एकाची चोच सरळ मिटत होती. ते पिल्लू असणार, कारण फट वयाबरोबर पडते. हे मी घरी वाचून दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मुलं म्हणाली, हो, तो रंगानेही मळकट होता. त्यांनी ते आधीच लिहिलं होतं.

आजीचं पान

'बगरा' म्हणणाऱ्या मुलीची आजी जन्मभर या तलावात मासे धरत आली. पाण्यात कमरेएवढं उतरून हाताने चाचपत पाण्यातल्या झाडोऱ्यातून झिंगे काढते. ऑक्टोबरात मुलगी तिला घेऊन आली. आजी वर्गात येईना. "मी कायले शाळेत? मले तं सही येत नाही." शेवटी वर्गच पारीवर नेला.

मुलांचा एक वाद तेव्हा पेटलेला होता. पावसाळ्यात कमळाच्या पानांवर लांब कोयत्यासारख्या शेपटीचा, सोनेरी मानेचा एक पक्षी चालताना दिसायचा. आता तिथेच आखूड शेपटीचा, फिकट रंगाचा दिसू लागला. वहीत दोन पक्षी लिहिलेले होते. आजीने ऐकलं आणि हसली. "एकच हाय तो. पावसाऱ्यात शेपटी येते, हिवाऱ्यात झडते. आन् अंडी नर उबवते, मादी नाही." मी मान डोलावली खरी, पण अंड्यांचं मला नवं होतं. घरी जाऊन पुस्तक काढलं. कमळपक्ष्यात अंडी उबवण्याचं आणि पिल्लं सांभाळण्याचं काम नरच करतो. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. शेपटीचंही तसंच. सही न येणाऱ्या बाईने जे पाहून ठेवलं होतं त्यातला एक शब्दही मला बदलावा लागला नाही.

त्यानंतर आजी बोलत गेली आणि मुलं लिहीत गेली. मरळ उथळ पाण्यात झाडोऱ्यात अंडी घालते. पिल्लं निघाली की नारिंगी-लाल ठिपक्यांचा गोळा पाण्याच्या वर हलताना दिसतो, आणि त्याच्या खाली आई-बाप फिरत असतात. त्या वेळी ती मरळ धरायची नाही असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. धरली की गोळ्यावर दुसरे मासे तुटून पडतात. पोवन (पाण्यातली एक वनस्पती) वाढलेली असली की झिंगे भरपूर. बेशरम वाढली की काहीच नाही, तिला तर ढोरंही तोंड लावत नाहीत. (बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि ती जनावरांना विषारी आहे. हे मी नंतर मुलांना सांगितलं. ढोरांना ते आधीच ठाऊक होतं.)

मग तिने देवधानाचं सांगितलं, आणि इथे मला थांबून लिहिलं पाहिजे.

तलावाच्या उथळ बाजूला धानासारखंच दिसणारं रानटी धान आपोआप उगवतं. कोणी नांगरत नाही, पेरत नाही. ऋषिपंचमीला बाया बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, त्या दिवशी हेच शिजतं. पण ते गोळा करणं सोपं नाही. पिकलं की दाणा लगेच गळतो. कापणीची वाट पाहिली तर हातात नुसतं तणस येतं. म्हणून लोंब्या निसवल्या की आजी आणि तिच्या जावा पाण्यात उतरून चार-पाच झाडांच्या जुड्या बांधून ठेवतात. मग दिवस उजाडायच्या आत, दव असेपर्यंत, टोपली खाली धरून जुडी तिच्यात झटकतात. ऊन चढलं की काम बंद, कारण मग हात लागायच्या आधीच दाणा पाण्यात. दाण्याला बोटभर लांब कुसळ असते. आजीने पदराच्या गाठीतून मूठभर गेल्या वर्षीचं धान काढून मुलांच्या हातावर ठेवलं. कुसळ तळहाताला टोचते, भुशाखालचा दाणा तांबूस निघतो.

"किती होते, आजी?"

"पायली-दोन पायली. सनापुरतं. पाखरं पन खातेत ना, त्याईले ठेवावं लागते."

जानेवारीत पंचायतीची वही वाचली तेव्हा मुलांनी सगळ्यात आधी देवधान शोधलं. ते सापडलं नाही म्हणून मगाशी सांगितलेलं 'व इतर' त्यांना इतकं लागलं.

गाळ

मार्चमध्ये पाणी उतरलं आणि तलावाचा गाळ काढायचं ठरलं. गाळ काढून शेतात टाकण्याच्या योजना २०१७ पासून राज्यात जोरात आहेत, आणि मी त्याच्या विरोधात नाही. आमचा तलाव खरोखर भरत आलेला होता, तुडुमासमोरच गाळाचा ढीग होता. गाळ बांधीत टाकला की धान जोम धरतं हे शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. प्रश्न कुठून काढायचा एवढाच होता. यंत्रवाल्याला उथळ बाजू सोयीची. तिथली जमीन आधी कोरडी होते, ट्रॅक्टर थेट उतरतो, आणि मातीही मऊ. त्याने तिथूनच सुरुवात केली.

दोन दिवसांत देवळामागची लांब पट्टी उभी खणली गेली. काठ उभा, खाली खोल खड्डा. मुलीच्या आजीने तिथे उभं राहून काही म्हटलं नाही. मुलगीच धावत शाळेत आली.

आम्ही सरपंचांकडे गेलो. सरपंच बाई आहेत, त्यांनी दोन गोष्टी केल्या. यंत्र पारीकडे, खोल बाजूला लावायला सांगितलं, आणि बाकीचा निर्णय १ मेच्या ग्रामसभेवर ठेवला. त्या ग्रामसभेत मुलांनी आपली वही वाचली. भाषण नाही, घोषणा नाही, फक्त चौथ्या रकान्यातल्या नावांसकट ओळी. मरळ कुठे अंडी घालते, कोणी सांगितलं. देवधान कुठे, किती घरं गोळा करतात. कमळपक्षी कोणत्या टोकाला. हिवाळी बदकं सकाळी कुठे चरतात आणि दिवसा कुठे तरंगतात. थापट्या, तलवार बदक, लालसरी. दुसऱ्या रकान्यातली ही नावं मुलं आता सहज वाचत होती.

एका शेतकरी काकांनी उठून विचारलं, "पाखरासाठी आमी पानी कमी साठवाचं का?" प्रश्न रास्त होता. त्यांची बांधी तलावाच्या शेवटच्या नहरावर आहे, उन्हाळी धानाला त्यांना पाणी पुरत नाही. उत्तर मी दिलं नाही. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी दिलं. ते म्हणाले की पाणी खोलीत साठतं, पारीजवळ हवं तेवढं खणा, दोन माणूस खोल खणा. पण उथळ बाजू उभी खणली तर काठाला मुळं धरत नाहीत, झाडोरा नाही म्हणजे मरळ नाही, आणि संस्थेला मग फक्त विकत आणून सोडलेल्या रोहू-कतल्यावर अवलंबून राहावं लागतं. शिवाय उतार गेला की वरून येणारी माती अडवायला काही राहत नाही, चार वर्षांत पुन्हा गाळ. काका थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "मंग आमच्याकडच्या टोकाले खना." तसा ठराव झाला. गाळ पारीजवळ आणि नहराच्या तोंडाशी. उथळ बाजूला यंत्र नाही. तिथली बेशरम मजुरीने, मुळासकट उपटायची.

त्यानंतरचा पावसाळा

निकाल संमिश्र आहे आणि तो तसाच लिहिते.

नहराच्या टोकाला पाणी जास्त दिवस टिकलं, काकांनी हे स्वतः येऊन सांगितलं. उथळ बाजूला देवधान आलं. सप्टेंबरात कमळपक्ष्याचं घरटं मुलांनी पारीवरून, दुर्बिणीतून पाहिलं. तरंगत्या पानांवरची चार तपकिरी अंडी आणि त्यांच्यावर बसलेला नर. जवळ जायचं नाही हा नियम मुलांनीच केला, आणि पाळला.

देवळामागची खणलेली पट्टी मात्र अजून उघडी आहे. काठ पावसाने ढासळतो, तिथे पोवनही धरलेली नाही. बेशरमही गेलेली नाही. उपटून काठावर टाकलेल्या फांद्यांना ओल लागताच फुटवे आले. आता ती वाळवून जाळतो. दर हिवाळ्यात हे करत राहावं लागणार.

मुलांची वही समितीने पुरवणी म्हणून मूळ नोंदवहीला जोडायचं ठरवलं, सह्या झाल्या. चौथ्या रकान्यात आजीचं नाव आहे, आणि तिच्या दोन जावांचंही. मूळ वहीतला माळढोक काढण्यासाठी रीतसर प्रस्ताव वर जावा लागतो, तो पाठवला आहे.

सध्या वहीतलं सगळ्यात रिकामं पान बेडकांचं आहे. पहिल्या पावसाच्या रात्री तलावावर कितीतरी तऱ्हेचे आवाज असतात, आणि मुलांनी आत्तापर्यंत पाच वेगळे ओळखून ठेवलेत. एक खंजिरीसारखा, एक म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा, असं त्यांनीच लिहिलं आहे. दोन्ही रकान्यांत नाव फक्त एकाचं आहे. आजी म्हणते, तिच्या माहेरचा एक बुढा सगळ्यांची नावं सांगतो, पण त्याला दिवसा विचारून उपयोग नाही, आवाज ऐकवूनच विचारावं लागतं. त्याला जूनमध्ये आणायचं आहे. पालकांची संमतीपत्रं घेऊन झाली, टॉर्च गोळा होत आहेत.